माकड न आठवण्याची अट



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय 'युवा मन : काही प्रश्न' असा छापला आहे. मी कळवलेला विषय थोडा वेगळा होता : नको असताना मनात येणारी कामेच्छा, आणि तिच्यापायी स्वतःच्याच नजरेतून उतरलेली माणसं. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांची अडचण मला कळते. पत्रिका घरोघर जाते, आजोबा वाचतात, नात वाचते. त्यामुळे माझी काही तक्रार नाही. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर विज्ञान शिकवत, आणि प्रजननसंस्थेचा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून देत नसत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मी मूळच्याच विषयावर बोलावं, हे बरं.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्या कोणा एकाची हकीकत इथे सांगणार नाही, ते योग्यही नाही. पुष्कळांचं मिळून एक चित्र उभं करतो. मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. गावाकडून पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी आलेला, कॉट बेसिसवर राहणारा, दिवसभर अभ्यासिकेत बसणारा. समोर बसतो आणि म्हणतो, ''डॉक्टर, अशक्तपणा वाटतो. केस गळतात. वाचलेलं लक्षात राहत नाही. लघवीतून धातू जातो.'' मी झोपेचं विचारतो, जेवणाचं विचारतो, घरच्यांचं विचारतो. अर्धा तास जातो. मग मान खाली घालून खरी गोष्ट येते : ''मनात घाण विचार येतात. देवळात गेलो तरी येतात. मित्राच्या बहिणीकडे बघवत नाही. हाताची सवय सुटत नाही. माझी लायकीच नाही काही.'' वहीच्या मागच्या पानावर काट्यांच्या ओळी असतात. किती दिवस 'राहिलो' त्याचा हिशेब. अलीकडची मुलं त्याला स्ट्रीक म्हणतात, आणि स्ट्रीक तुटली की आधीच्या सगळ्या काट्या खोडून पुन्हा एकपासून सुरुवात करतात.

या तक्रारीला आमच्या शास्त्रात नाव आहे : धात सिंड्रोम. हे नाव डॉ. नरेंद्र विग यांनी 1960 साली दिलं. अन्नापासून रस, रसापासून रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शेवटी शुक्र, ही सप्तधातूंची मांडणी आपल्याकडे जुनी. तिचा लोकांनी काढलेला अर्थ असा की शरीराचं सगळं सार त्या शेवटच्या धातूत उतरतं आणि तो गेला की माणूस आतून पोकळ होतो. रेल्वेलाइनलगतच्या भिंतींवर 'गुप्तरोग, नामर्दी, लहानपणीच्या चुका' अशा जाहिराती रंगवणाऱ्यांचं पोट याच समजुतीवर चालतं. पण ही भीती केवळ आपलीच आहे असं कोणी समजू नये. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहराच्या तिसो नावाच्या डॉक्टरने 1760 साली हस्तमैथुनावर फ्रेंच पुस्तक लिहिलं. डोळे जातात, स्मरणशक्ती जाते, माणूस झिजून मरतो, असं त्यात शपथेवर सांगितल्यासारखं मांडलेलं आहे. त्या पुस्तकाने पुढची शंभरेक वर्षं युरोपातल्या आईबापांची आणि डॉक्टरांची झोप उडवली. तिकडचे लोक त्यातून बाहेर यायला विसावं शतक उजाडलं. अमेरिकेत किन्सी या संशोधकाने 1948 साली लैंगिक वर्तनाची आपली पाहणी छापली तेव्हा 92 टक्के पुरुषांनी हस्तमैथुन केल्याचं सांगितलं होतं. त्यांतले बहुतेक लोक नोकऱ्या करत होते, मुलंबाळं वाढवत होते, आणि आपल्या मनातली ही लाज एकमेकांपासून लपवत होते.

वैद्यकीय बाजू दोन वाक्यांत सांगता येते. वीर्य शरीरात साठवून ठेवायची ठेव नव्हे, ते सतत तयार होतं आणि वापरलं गेलं नाही तर झोपेतही बाहेर पडतं किंवा शरीरातच जिरतं. लघवी गढूळ दिसते ती पुष्कळदा फॉस्फेटच्या कणांमुळे. शंका असली तर लघवीची तपासणी करून घ्यावी, तिला पैसेही फारसे पडत नाहीत.

पण ही दोन वाक्यं सांगून मुलगा बरा होत नाही, आणि मला आज बोलायचं आहे ते त्याबद्दल. भीतीचं मूळ शरीरात असतं तर माहितीने ती गेली असती. ती लाजेत आहे. त्या मुलाला मनातून असं वाटतं की ज्याच्या मनात असे विचार येतात तो माणूस म्हणून कमी दर्जाचा. शरीराला धोका नाही हे पटलं तरी हा निकाल तसाच राहतो.

या निकालाविरुद्ध आपल्याकडे एका माणसाने सव्वीस वर्षं मासिक चालवलं. र. धों. कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून 1925 साली विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि ऑक्टोबर 1953 मध्ये निधन होईपर्यंत चालवलं. या मासिकाची आठवण आपण काढतो ती मुखपृष्ठावरच्या नग्न चित्रांसाठी आणि कर्व्यांच्या फटकळपणासाठी. मला त्यातला सर्वांत मोलाचा भाग वाचकांच्या प्रश्नोत्तरांचा वाटतो. जे शेजाऱ्याला विचारता येत नाही, वैद्याला विचारायची हिंमत होत नाही, ते लोक कर्व्यांना लिहून विचारत, आणि कर्वे उत्तर देताना प्रश्न विचारणाऱ्याची कीव करत नसत, त्याला पापीही ठरवत नसत. या उत्तरांपायीच 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उत्तरं हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध अशा विषयांवरची होती. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. त्यांचा युक्तिवाद साधा होता : कामविषयावर लिहिलं एवढ्याने लेखन अश्लील ठरत नाही, आणि लोक प्रश्न विचारत असतील तर जाणकाराने उत्तर का द्यायचं नाही? न्यायाधीशांना तो पटला नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. त्यापूर्वी 1931 साली शंभर रुपये झाला होता. ज्यांनी अजित दळवींचं 'समाजस्वास्थ्य' नाटक पाहिलं असेल त्यांना हा प्रसंग ठाऊक आहे.

मात्र एक सांगायला हवं. कर्व्यांचा भर बुद्धीवर होता. माणसाला कारण समजलं की भीती जाते, असा त्यांचा विश्वास. गणिताच्या प्राध्यापकाला तो शोभतोही. मला दवाखान्यात इतक्या वर्षांत जे दिसलं ते थोडं वेगळं आहे, आणि त्यासाठी कर्व्यांच्या अगदी विरुद्ध टोकाच्या माणसाकडे जावं लागतं.

गांधीजींनी 1906 साली ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. त्याची एक जुनी पार्श्वभूमी आत्मचरित्रात आहे. 1885 साली वडील अंथरुणावर होते, सोळा वर्षांचा मोहनदास त्यांचे पाय चेपून पत्नीच्या खोलीत गेला आणि त्याच वेळी वडील गेले. हा डाग आपल्याला कधीच पुसता आला नाही, असं ते लिहितात. 1935 च्या डिसेंबरात संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांच्याशी या विषयावर वाद घालून गेल्या. त्यानंतर काही आठवड्यांनी, मुंबईत आजारपणातल्या विश्रांतीत, वयाच्या 66व्या वर्षी, जागेपणी वासना उसळल्याचा अनुभव त्यांना आला. तो त्यांनी 1936 साली 'हरिजन'मध्ये सरळ छापून टाकला आणि स्वतःला कठोर शब्दांत दोष दिला. एवढ्या जाहीर सचोटीला मी हात जोडतो. पण डॉक्टर म्हणून मला त्यात दुसरंही दिसतं. तीस वर्षांचं व्रत, आहारावर ताबा, कामाचा एवढा व्याप, आणि तरीही देह आपलं काम करतोच. त्यात दोष कुणाचा? मला विचाराल तर कुणाचाच नाही. गांधीजींनी मात्र तो स्वतःच्या नावावर लिहिला. आणि आपल्या कित्येक मुलांना, गांधी न वाचताही, हीच लिहिण्याची पद्धत वारशाने मिळाली आहे. सचोटी मात्र तेवढी मिळालेली नाही. त्यामुळे ती मुलं लपवतात आणि मनात कुढतात.

मनात येणारी गोष्ट दाबायला गेलं की काय होतं, त्यावर आपल्याकडे एक जुनी गोष्ट सांगतात. वैद्याने औषध दिलं आणि अट घातली, घेताना माकड आठवायचं नाही. रोग्याला त्यापूर्वी माकड कधी आठवलं नव्हतं. आता पुडी हातात घेतली की माकड हजर. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांना ही गोष्ट ठाऊक असण्याचं कारण नाही, पण 1987 साली त्यांनी जवळपास हाच प्रयोग केला. माकडाच्या जागी पांढरं अस्वल. पाच मिनिटं अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. लोक घंट्या वाजवत राहिले. त्याहून मजेची गोष्ट पुढची : नंतर या लोकांना अस्वलाचा खुशाल विचार करा असं सांगितलं तेव्हा, ज्यांना पहिल्यापासून मुभा होती त्यांच्यापेक्षा यांना अस्वल जास्त आठवलं. याचं कारण असं की विचार येऊ द्यायचा नाही म्हटलं की तो आला का हे मनाला सारखं तपासावं लागतं, आणि तपासायचं म्हणजे तो विचार डोळ्यांपुढे धरावाच लागतो.

देवळात गेल्यावर त्या मुलाच्या मनात नेमके तेच विचार का येतात, ते आता कळेल. देवळात येऊ नयेत अशी अट सगळ्यात कडक असते म्हणून. भलतेसलते, किळसवाणे, आपल्यालाच हादरवणारे विचार सर्वसाधारण माणसांच्याही मनात येतात, हे रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली दाखवलं. फरक पडतो तो पुढे. एकजण 'हे काय आलं मनात' म्हणून भाजी चिरायला लागतो. दुसरा विचारतो, 'मी असा कसा?' आणि त्याचं उत्तर शोधत रात्र काढतो. हे फार वाढलं, तासन्तास चाललं, मनातल्या मनात जप किंवा क्षमायाचना केल्याशिवाय सुटकाच होईना, तर तो मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा प्रकार असू शकतो, आणि त्याला औषधंही आहेत, उपचारही आहेत. अशा रुग्णाला सर्वांत जास्त भीती वाटते ती आपण हे खरंच करून बसू याची. पण त्या विचाराची त्याला शिसारी येते, म्हणून तर तो माझ्यासमोर येऊन बसलेला असतो.

आता काट्यांच्या वहीकडे येतो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात अ‍ॅलन मारलॅट यांनी एक निरीक्षण नोंदवलं होतं. कडक व्रत घेतलेल्या माणसाचा एकदा पाय घसरला की घसरण तिथे थांबत नाही. 'आता मोडलंच आहे, मी आहेच असला' असं म्हणून तो पुढचे चार दिवस वाहवत जातो. नुकसान पहिल्या वेळेपेक्षा त्या वाक्याने जास्त होतं. मुलगा 23 दिवस 'राहतो', चोविसाव्या रात्री फोन हातात घेतो, मग पहाटेपर्यंत तेच, सकाळी अभ्यासिका बुडते, दुपारी आईचा फोन उचलत नाही. या सगळ्यात कामेच्छेचा वाटा पहिल्या दहा मिनिटांचा. उरलेले सगळे तास लाजेने खाल्ले. आणि लाजेने मन इतकं कुंद होतं की दुसऱ्या रात्री जीव रमवायला त्याच्याकडे पुन्हा तोच फोन उरतो.

पालक इथे मला विचारतात, ''मग त्याचा आत्मसन्मान वाढवायला हवा ना?'' मला नाही तसं वाटत. हे ऐकून थोडा धक्का बसेल, पण हे मत माझ्या एकट्याचं नाही. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस, ज्यांचे विचार मराठीत आणि भारतात रुजवण्यासाठी कि. मो. फडके यांनी आयुष्य वेचलं, त्यांनी उतारवयात आत्मसन्मानाच्या कल्पनेवरच टीका करणारं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं : आज काम चांगलं झालं म्हणून 'मी थोर' म्हणणारा माणूस उद्या काम बिघडलं की 'मी नालायक' म्हणणारच. दोन्ही वेळा चूक एकच, एका कृतीवरून अख्ख्या माणसाला गुण द्यायची. कृतीला खुशाल गुण द्या. ती चांगली होती का, वाईट होती का, पुन्हा करायची का, हे ठरवा. माणसाला मात्र गुण देऊ नका, ना चांगले ना वाईट. स्पर्धा परीक्षेच्या कटऑफवर स्वतःची किंमत ठरवायची सवय लागलेल्या मुलाला हे पटायला वेळ लागतो. दोन मार्कांनी पोस्ट हुकली की तो माणूस म्हणूनही दोन मार्कांनी कमी ठरलेला असतो.

एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं की न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं. ते सांगत, एका महिन्यात मी शंभर जणींशी बोललो, एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं, आणि ती आलीच नाही. तरी जग बुडालं नाही, ही त्यांची कमाई. (आजच्या दिवसांत हा प्रयोग कोणी करू नये. बाकावर बसलेल्या बाईलाही तिची शांतता हवी असते.)

आत्तापर्यंत मी मुलांबद्दलच बोललो, कारण दवाखान्यात तेच येतात. मुली आणि बायका या कारणासाठी येतच नाहीत. त्या अंगावरून पांढरं जातं म्हणून, कंबर दुखते म्हणून, झोप नाही म्हणून येतात. आपल्याला इच्छा होते हे कबूल करणं म्हणजे चारित्र्यावर स्वतःच बोट ठेवणं, असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. लग्नानंतर नवऱ्यापेक्षा आपल्याला जास्त वाटतं, हे गुपित बायकांनी वर्षानुवर्षं उरात बाळगलेलं मी ऐकलं आहे. त्यांना ते तोवर कोणाला सांगता आलं नव्हतं, आणि त्याची शिक्षा त्या स्वतःलाच देत राहिल्या.

ज्यांची ओढ आपल्याच लिंगाच्या माणसाकडे आहे त्यांची 'नको असलेली' इच्छा अनेकदा फक्त घरच्यांना नको असते. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळलं. 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा माणसाला 'बदलण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तेव्हा मुलाला 'सरळ' करून देतो असं कोणी सांगितलं तर आईबापांनी तिथून उठून यावं.

इथे कोणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवं : मग सगळ्याच इच्छा निर्दोष का? इच्छा मनात येणं हा गुन्हा नाही, पण कृतीची जबाबदारी पूर्ण आपली. संमतीविना कोणाला हात लावला, चोरून कोणाचा फोटो काढला, तर 'इच्छा झाली होती' ही सबब चालणार नाही. काही माणसांना लहान मुलांबद्दल आकर्षण वाटतं, आणि त्यातले काही स्वतःच हादरलेले असतात. बर्लिनच्या शारिते रुग्णालयाने 2005 साली अशा लोकांसाठी, त्यांच्या हातून काही घडण्याआधीच गोपनीय मदत देणारा उपक्रम सुरू केला. अशा माणसाने एकट्याने मनाशी झुंजत बसू नये, आणि मुलांबरोबर एकटं राहण्याचे प्रसंग टाळून तातडीने मनोविकारतज्ज्ञाकडे यावं. मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर पॉक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदवलाच पाहिजे.

आणखी एक गट आहे. काहींची कामवर्तणूक खरंच हाताबाहेर जाते. नोकरी, पैसा, संसार पणाला लागतो तरी थांबता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र निदान आहे. पण त्या व्याख्येतली एक अट मला फार शहाणपणाची वाटते. त्रासाचं कारण निव्वळ नैतिक अपराधभाव असेल तर ते निदान करायचं नाही. म्हणजे आठवड्यातून दोनदा हस्तमैथुन करून स्वतःला 'सेक्स अ‍ॅडिक्ट' म्हणवणारा मुलगा त्यात बसत नाही.

करायचं काय, हे विचारणाऱ्यांना मी फार थोडं सांगतो. इच्छा आली की तिच्याशी वाद घालू नका, हुसकावू नका, तिच्यामागे जाऊही नका. आली आहे एवढं मनाशी म्हणा आणि हातातलं काम चालू ठेवा. ती चढते आणि काही वेळाने आपसूक उतरते, हे स्वतः पाहिलं की तिची दहशत निम्मी होते. काट्यांची वही बंद करा. त्याऐवजी हे कधी होतं ते लिहा. बहुतेकांना दिसतं की जेवण न झालेल्या, भांडण झालेल्या, निकाल लागलेल्या, कोणाशी दोन शब्द न बोललेल्या रात्री हे होतं. म्हणजे उपाय पुष्कळदा वेळेवर जेवण्यात, फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्यात आणि खोलीतल्या पोराबरोबर टपरीवर चहाला जाण्यात असतो. घसरलात तर घसरलात. सकाळी अभ्यासिका गाठा, आईचा फोन घ्या. माझ्या अनुभवात सगळ्यात अवघड पायरी हीच असते, कारण मुलाला वाटतं की स्वतःला पुरेशी शिक्षा दिली नाही तर आपण निगरगट्ट होऊ. कोणी निगरगट्ट होत नाही. उलट शिक्षा थांबली की पुढची रात्र सोपी जाते.

जगणंच नको असं वाटत असेल, तर मात्र यातल्या कशाचीही वाट पाहू नका. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आता प्रश्नोत्तरं घेऊ. सभागृहात हात वर करून हे विचारणं कोणाला जमणार नाही, याची मला कल्पना आहे. कार्यकर्ते कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली घेऊन प्रत्येक रांगेत येतील. नाव लिहायचं नाही. प्रश्न नसेल तर चिठ्ठी तशीच कोरी घडी करून डब्यात टाका, म्हणजे लिहिणारा कोण हे शेजारच्याला कळणार नाही.